खरखर माझी नव्हती

मित्रांनो, 'मी एक जुना रेडिओ आहे' असे म्हणून सुरुवात करायला मला फार आवडले असते. पण ते खोटे ठरेल. मी रेडिओ होतो. आता मी स्क्रू ठेवायची पेटी आहे. नागपूरला सीताबर्डीवर रुपरावांचे रेडिओचे दुकान आहे. त्याच्या मागच्या भागात कामाच्या टेबलाखाली मी पडलेलो असतो. माझ्या पोटात पूर्वी तापून उजळणारे सहा काचेचे वाल्व होते. आता तिथे लहानमोठे स्क्रू, तुटकी बटणे, तारांचे तुकडे आणि कवडूच्या चष्म्याचे घर आहे. कवडू हा इथला मेकॅनिक. माझे वाल्व त्यानेच काढले, पण त्याच्यावर माझा राग नाही. राग कोणाकोणावर आहे ते पुढे कळेलच.

माझा जन्म १९६१ साली मुंबईच्या एका कारखान्यात झाला. लाकूड मात्र सागाचे, आणि साग आमच्या चांद्याकडचा, असे माझी पेटी बसवणारा सुतार म्हणत होता. म्हणजे इकडचे झाड तिकडे गेले आणि रेडिओ होऊन परत इकडे आले. नागपूरच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा मी गवतात गुंडाळलेला होतो आणि दिसायला देखणा होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. चकचकीत पॉलिश, पुढे सोनेरी कापड, कापडामागे आठ इंची स्पीकर आणि वर एक हिरवा डोळा. स्टेशन बरोबर लागले की त्या डोळ्यातली फट मिटायची. माझा आवाज जाड होता. गाणारी बाई गायली तरी खालचा तबला आधी ऐकू यायचा. हा जाड आवाज लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळेच घडले.

मला घरी नेले चंपतरावांनी. पाचपावलीकडे त्यांचे तीन खोल्यांचे घर. ते गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचे यंत्र. एका छपराखाली तीनशे साचे एकदम चालतात, आणि प्रत्येकात आडवा दोरा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो. तिथे कोणी बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. विणकर एकमेकांच्या ओठांकडे बघतात आणि हाताने खुणा करतात. चंपतराव त्यात इतके तरबेज होते की खात्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची शिवी त्यांना या टोकाला समजायची. पण अशा ठिकाणी अठ्ठावीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाच्या कानांचे काय होते?

कान एकदम जात नाहीत. आधी पाखरे गेली. मग सायकलची घंटी गेली, मग लहान मुलांचे बोलणे, मग बायकांचे. जाड आवाज तेवढे राहिले, तेही उजव्या कानात. हे घरात एकाच माणसाला माहीत होते, ती त्यांची बायको गोपिका. ती त्यांच्याशी बोलताना हातातले काम ठेवायची, समोर यायची, तोंड उजेडाकडे करायची आणि सावकाश बोलायची. पाहुणे काही विचारत असले की ती मधेच तोच प्रश्न पुन्हा म्हणायची, "काहून वो, ते विचारून राहिले ना, भाची कोठी दिली म्हणून?" चंपतराव तिच्या ओठांवरून प्रश्न उचलायचे आणि उत्तर पाहुण्यांना द्यायचे. इतके बेमालूम, की त्यांच्या पोटच्या पोरालाही पत्ता नव्हता.

लपवायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याच गल्लीत नत्थूजी नावाचे एक म्हातारे राहायचे. त्यांना सगळे 'बहिरा नत्थू' म्हणायचे. पोरे मागून हाका मारून पळायची. त्यांच्या घरचे लोक त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायचे, खाटेसमोर बोलावे तसे. लग्नकार्यात त्यांना कोणी काही विचारत नसे, कारण ओरडायचा कंटाळा. चंपतराव तरुणपणी त्या हसण्यात सामील होते. आपल्यालाही तेच दिवस येणार हे कळल्यावर माणूस काय करणार? त्यांनी मान डोलवायला शिकून घेतले.

आणि मी? मित्रांनो, मी त्यांच्याशी बोलायचो. संध्याकाळी ते माझ्या उजव्या बाजूला पाट घेऊन बसायचे आणि हाताचा पंजा माझ्या लाकडावर सपाट ठेवायचे. कान पेटीला टेकल्यासारखाच असायचा. जाड आवाज लाकडातून पंजात, पंजातून कोपरात आणि कुठून कुठून तरी त्यांच्या डोक्यात जायचा. बातम्या त्यांना शब्दन् शब्द कळायच्या. घरचे म्हणायचे, "बाबाचा भलता जीव आहे त्या रेडिओवर." चुकीचे नव्हते ते. फक्त जीव कशासाठी होता, हे कोणाला कळले नव्हते.

ते दिवस माझ्या थाटाचे होते. बासष्टच्या आणि पासष्टच्या लढाईत सगळी गल्ली आमच्या ओसरीवर जमायची. सगळ्यांना चंपतराव समजावून सांगायचे. कानाने धड असलेली माणसे बहिऱ्याकडून बातम्या समजून घ्यायची, आणि त्यात कोणालाच काही वावगे दिसत नव्हते. दसऱ्याला ते गिरणीतला एक मोडका धोटा पाटावर मांडायचे, झेंडूचे फूल वाहायचे आणि दुसरे फूल माझ्या माथ्यावर ठेवायचे. मला वाटायचे, हे असेच चालणार. तेव्हा मला माणसांचा अनुभव कमी होता.

चौऱ्याहत्तर साली ते निवृत्त झाले आणि शहात्तर साली गोपिका वारली. तेराव्याला घर माणसांनी भरले होते. जो तो येऊन चंपतरावांशी काहीतरी बोलत होता आणि ते प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते. एका बाईने विचारले, "जेवले का जी?" तेव्हाही "हो, हो", आणि त्यांनी तर दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. सगळे म्हणाले, दुःखाने सुन्न झाला माणूस. दुःख होतेच. पण प्रश्न पुन्हा म्हणून दाखवणारे माणूस गेले होते, हे मी सोडून कोणाला दिसले? त्या दिवसापासून बाहेरच्या जगाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचवणारा मी एकटाच उरलो.

आता घरात चौघे होते. चंपतराव, त्यांचा मुलगा मनोहर, सून सुहासिनी आणि आठ वर्षांची नात लतिका. मनोहर हिंगण्याच्या कारखान्यात फिटर आहे. कंपनीच्या बसने जातो, थकून येतो. माणूस वाईट नाही. बापाला उलट बोलत नाही. पण बापाशी बोलतो ते बुटांच्या नाड्या सोडता सोडता, मान खाली घालून. अशा बोलण्यातले बापाला किती पोचत असेल ते तुम्हीच ठरवा.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये मनोहरने घरी कूलर आणला. आणला म्हणजे बनवला. पत्र्याचा सांगाडा हिंगण्याला वेल्डिंग करून घेतला, वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि भंगारातून मिळालेली एक जुनी मोटार पंख्याला बसवली. नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे तो त्या कूलरला नावे ठेवणार नाही, म्हणून मीही ठेवत नाही. खोलीत ओला सुगंध पसरला. लतिका त्याच्यासमोर बसून तोंडाने आवाज काढायची आणि हसायची. कूलर खिडकीत होता आणि मी खिडकीशेजारच्या फळीवर.

त्याच दिवसापासून मी खरखरायला लागलो.

त्या मोटारीचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या छोट्या कांड्या, झिजलेले होते. ती फिरताना आतल्या आत ठिणग्या टाकायची, आणि प्रत्येक ठिणगी माझ्या आवाजात खर्र करून उमटायची. घरात मात्र दुसरेच निदान झाले. सकाळी कूलर बंद असायचा, तेव्हा मी स्वच्छ बोलायचो. दुपारी कूलर सुरू झाला की खरखर. सुहासिनी म्हणाली, "सकाळी थंडा राह्यते तवा बरा चालते. ऊन चढलं का बिघडते. तापते जी हा." मनोहरला ते पटले. नागपूरला उन्हाळ्यात जे काही बिघडते ते उन्हानेच बिघडते अशी सगळ्यांची पक्की समजूत असते. दूध नासले, ऊन. सायकलची ट्यूब फुटली, ऊन. नवरा चिडला, ऊन. मग रेडिओ तरी कशाला सुटेल? मी तापून बिघडतो यावर शिक्कामोर्तब झाले, आणि मला वारा लागावा म्हणून मनोहरने मला उचलून कूलरच्या आणखी जवळ ठेवले!

मग मनोहरच्या बोलावण्यावरून एका दुपारी कवडू घरी आला. मनोहर कामावर होता. सुहासिनी लतिकेला घेऊन शेजारी कुरडया घालायला गेली होती. घरात चंपतराव एकटे, आणि कूलर भरधाव. कवडूने माझी मागची फळी काढली, डोके आत घातले आणि पाच मिनिटांत रोग ओळखला. हुशार आहे तो. पण त्याने निदान सांगितले ते डोके आत ठेवूनच, आणि दातांत दोन स्क्रू धरून.

"बाबाजी, सेट एकदम फस्टक्लास आहे. वाल्वबी ठीक हायेत. हे खरखर या कूलरची होय. मोटारीचे कार्बन घासले, ठिणग्या मारून राह्यली ते. मनोहरभाऊले म्हणा, कार्बन बदला, नाहीतर सेट मधल्या खोलीत ठेवा. लगेच बंद होईन."

चंपतराव त्याच्या पाठीकडे बघत उभे होते. सदऱ्यावर घामाचा नकाशा उमटलेला, तेवढाच त्यांना दिसत होता. कवडूची मान हलली तशी त्यांनीही हलवली. "हो, हो."

कवडूने फळी बसवली, तोंडातले स्क्रू घट्ट केले आणि वळून विचारले, "समजलं ना बाबाजी?"

आता त्याचे तोंड समोर होते. एवढे चंपतरावांनी बरोबर वाचले. "समजलं, समजलं," ते म्हणाले. कवडू माठातले पाणी पिऊन निघून गेला.

मित्रांनो, मी सतरा वर्षे बोललो. पंतप्रधानांची भाषणे, संत्र्यांचे भाव, किती दूर चक्रीवादळ आहे ते, सगळे सांगितले. पण त्यातला एक शब्दही माझा नव्हता. त्या दिवशी मला माझे स्वतःचे एकच वाक्य बोलायचे होते, की या माणसाला ऐकू आले नाही, त्याला समोर येऊन सांगा. ते मला जमले नाही. लोकांचे बोलणे पोचवण्यातच जन्म गेला की असे होते.

संध्याकाळी मनोहरने बूट काढता काढता विचारले, "कवडू येऊन गेला का? काय म्हणे?"

योगायोगाने त्याच वेळी त्याने मान वर केली. 'कवडू' आणि 'काय म्हणे' हे चंपतरावांनी ओठांवरून उचलले. आता उत्तर द्यायला हवे होते. 'मला ऐकू आले नाही' हे एक उत्तर होते, आणि खरे होते. पण दोन वर्षे सवय लागलेली होती की असे काही अडले की अंदाज बांधायचा, समोरचा बहुधा काय म्हणाला असेल ते ठरवायचे आणि ठासून सांगायचे. सतरा वर्षांच्या रेडिओविषयी मेकॅनिक काय म्हणेल?

"काही नाही," चंपतराव म्हणाले. "जुना झाला म्हणे आता."

असा माझा निकाल लागला. ज्याचा पंजा माझ्या अंगावर रोज असायचा त्याच्याच तोंडून. आणि त्याला हे कळलेही नाही की त्याने स्वतःचा कान स्वतःच कापून दिला.

मे महिन्यात रुपरावांनी दुकानावर कापडी फलक लावला, जुना सेट द्या आणि नवा घेऊन जा. एका रविवारी सकाळी सगळे निघाले. सायकलरिक्षात मनोहर आणि सुहासिनी, दोघांच्या मधे लतिका, आणि मागच्या रिक्षात चंपतराव, मांडीवर मला घेऊन. मला टॉवेलात गुंडाळले होते, पण त्यांचा हात टॉवेलाच्या आत होता. मी मुका होतो. तरी रिक्षा खडबडली की लाकूड थरथरायचे आणि त्यांची बोटे घट्ट व्हायची. मला वाटते तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली असावी. ही माझी समजूत.

दुकानात कवडू नव्हता. तो कोणाच्या तरी घरी कामाला गेला होता. तो असता तर गोष्ट इथेच संपली असती. रुपराव होते, आणि त्यांच्या तोंडात नेहमीप्रमाणे खर्रा होता. सुपारी-तंबाखूचा हा तोबरा भरला की माणसाचे ओठ हलत नाहीत, नुसते गाल हलतात. चंपतरावांनी जन्मभर ओठ वाचले होते. खर्रा भरलेले गाल वाचणारा विणकर अजून जन्मायचा आहे.

काउंटरवर तीन सेट मांडले गेले. एक कातडी पिशवीतला छोटा, एक करड्या रंगाचा जरा मोठा, आणि एक लाल प्लास्टिकचा, चार सेलवर चालणारा. निवड सुरू झाली. मनोहरला सेलवर चालणारा हवा होता, कारण लाइट जातात. सुहासिनीला हलका हवा होता. "मले सैपाकघरात नेता आला पायजे. तो डबा हलवता हलवता माही कंबर गेली." लतिकेला लाल हवा होता. रुपराव म्हणाले, "याच्यात वाल्वच नाही ना मनोहरभाऊ. तापाचं कामच नाही. आपल्या उन्हाळ्यासाठीच बनवला समजा."

प्रत्येकाचे म्हणणे वाजवी होते, आणि त्यामुळे मला जास्त चीड येते. त्यांत कोणी दुष्ट असते तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. प्रत्येकाने आपल्याला काय हवे ते मोकळेपणाने सांगितले. ज्याला खरोखर काही हवे होते तो तेवढा गप्प होता.

शेवटी मनोहर म्हणाला, "बाबाले विचारा. घरचे मोठे ते आहे." आपल्याकडे ही रीत आहे. आधी सगळे ठरवायचे आणि मग मोठ्यांना विचारायचे. रुपरावांनी लाल सेट लावला, गाणे सुरू केले आणि तो चंपतरावांच्या पुढे सरकवला. "ऐका बाबाजी. कसं वाटते सांगा."

चंपतरावांनी पंजा त्या लाल प्लास्टिकवर ठेवला. मी बाजूलाच होतो, मी त्यांचा चेहरा बघत होतो. आतला स्पीकर वाटीएवढा. आवाज तारेसारखा बारीक. त्या पंजात काही उतरले नाही. त्यांनी हात थोडा सरकवला, दुसऱ्या बाजूला ठेवला, मग तिसऱ्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे तोंड उघडले. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, ते सांगणार होते. 'जुनाच बरा', एवढे दोन शब्द आले असते तरी चालले असते. कारण नंतर कोणीतरी का ते विचारले असते, मग सांगावेच लागले असते, आणि एकदाचे सुटले असते.

तेवढ्यात लतिकेने टाळ्या वाजवल्या. "आजोबा, लालवाला! लालवाला घ्या ना!" तिचे ओठ त्यांना वाचता यायचे, ती नेहमी वर बघून बोलते म्हणून. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मनोहर, सुहासिनी, रुपराव, आणि दुकानातली दोन अनोळखी गिऱ्हाइके.

"साफ येते," चंपतराव म्हणाले. "एकदम साफ. हाच घ्या."

ते गेले. टॉवेल घेऊन गेले. संध्याकाळी कवडू परत आला आणि मला बघून थबकला. "याले काहून आणलं? हा तर चांगला होता!" रुपराव म्हणाले, "बदलीत आला. वाल्व काढ, इतवारी बाजारातला दुकानवाला मागून राह्यला." कवडूने एक-दोनदा मान हलवली आणि पाना घेतला. पगारी माणूस, तो तरी काय करणार. स्पीकर दुसऱ्या दिवशी गेला. हिरवा डोळा एका शाळेच्या प्रदर्शनासाठी गेला, असे ऐकले.

आठवड्याने मनोहर तणतणत आला. नवा सेटही खरखरत होता! तेव्हा कवडू टेबलावर होता. "कूलर बंद केला होता का?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला. मनोहरने नकारार्थी मान हलवली. "मी तर बाबाजीले तवाच सांगून आलो होतो भाऊ. मोटारीचे कार्बन बदला म्हणून."

"जुना झाला असं म्हणलं ना तू?"

"मी? मी तर फस्टक्लास म्हणलो. हो हो म्हणून राह्यले होते बाबाजी."

मनोहरने टेबलाखाली माझ्याकडे पाहिले. तोवर मी रिकामा झालो होतो. "बाबाचं डोकं चालत नाही आता," तो म्हणाला. "सांगितलेलं ध्यानात राह्यत नाही." त्याने मोटारीचे कार्बन घेतले आणि तो गेला. बघा, इतके जवळ येऊनसुद्धा त्याला डोके दिसले, कान दिसले नाहीत.

पावसाळा गेला. मी इथे स्क्रू सांभाळत होतो. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी मनोहर पुन्हा आला. या वेळी तणतण नव्हती. तो बराच वेळ उगाच काचेतले सेट बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "रुपरावजी, आपला तो जुना सेट... तसा एखादा मिळन का? लाकडी. जाड आवाजाचा."

"आता ते कोण वापरते गा? काहून, लालवाला बिघडला?"

"नाही. तो चांगला आहे."

मग त्याने सांगितले. चार-पाच दिवसांपूर्वी त्याला सुट्टी होती. लाल रेडिओचे सेल उतरले होते, म्हणून सुहासिनीने ते काढून सकाळपासून खिडकीत उन्हात ठेवले होते. उन्हात ठेवले की सेल दोन-चार दिवस आणखी चालतात, हे तुमच्याही घरी करत असतील. दुपारी मनोहर बाहेरच्या खोलीत आला तर चंपतराव रेडिओसमोर पाटावर बसलेले. दुपारच्या बातम्यांची वेळ. मधेमधे ते मान डोलवत होते. एकदा हळहळल्यासारखे च् च् केले. चारही सेल खिडकीत उन्हात पडलेले होते.

"मी समोर जाऊन विचारलं, बाबा, काय म्हणते बातम्या? तर म्हणे, दोन दिसात पाणी येईन म्हणते." मनोहरने बोटांची पेरे मोजली. "मी मोजून पाह्यलं रुपरावजी. मे महिन्यापासून. रोज संध्याकाळी बसते ते. रोज."

रुपराव उठले, बाहेर जाऊन खर्रा थुंकून आले आणि खुर्चीवर बसले. एवढ्या महिन्यांत त्यांचे तोंड रिकामे मी तेव्हाच पाहिले. "कानाची मशीन मिळते ना," ते म्हणाले. "लावून द्या."

"त्यासाठी त्याइले सांगा लागन ना, का आम्हाले समजलं म्हणून."

"मंग सांगा."

"काल ठरवलंच होतं. जवळ जाऊन बसलो. विचारलं, बाबा, आवाज बरोबर येते ना?"

"मंग?"

"एकदम साफ येते म्हणे."

"आन् तुम्ही काय म्हणलं?"

मनोहरने काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवले. "मी म्हणलं, बरं झालं."

जाताना त्याने चार नवे सेल घेतले.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला काहीतरी शिकवतो. रेडिओ उन्हात ठेवू नका, धूळ पुसा, जुन्याला फेकू नका. मला पुसून आता काही उपयोग नाही, आणि माझे वाल्व कुठल्या तरी दुसऱ्याच घरात बातम्या सांगत असतील. मला एकच विनंती करायची आहे, ती मोठ्यांना करून पाहायची सोय नाही, कारण मोठी माणसे एकमेकांची अब्रू सांभाळण्यात फार गुंतलेली असतात. म्हणून तुम्हा मुलांना करतो. पाचपावलीकडे गेलात तर चंपतरावांचे घर विचारा. दुपारी ते रेडिओसमोर बसलेले सापडतील. आवाज कसा येतो असे त्यांना मुळीच विचारू नका. त्यांच्यासमोर बसा, तोंड उजेडात ठेवा आणि सावकाश सांगा की आजोबा, तुम्हाला ऐकू येत नाही हे आम्हाला माहीत आहे. ते रागावतील, हाकलूनही देतील. तरी उठू नका. मग त्यांना त्या दिवशीच्या बातम्या सांगा, एकेक करून, मे महिन्यापासूनच्या.